रेडिओच्या पाठीमागचा नकाशा

आबा, तुम्ही दिलेल्या सेटची काट्याची दोरी परवा तुटली. सकाळी जळगाव लावायला म्हणून बटण फिरवलं, तर ते नुसतंच गरगर फिरत राहिलं आणि काटा जागचा हलला नाही. इतकी वर्षं ती दोरी टिकली, हेच नवल. आता धुळ्यात असली दोरी घालून देणारा कोणी उरलेला नाही, आणि असता तरी तुमचा सेट मी परक्याच्या हाती दिला नसता. मीच मागचं झाकण उघडलं. चार स्क्रू, तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे चारही एका वाटीत. दोरीचं तुटलेलं टोक हाताला लागलं आणि त्याच्या अलीकडे, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तो कागद लागला. त्या कागदापायी हे पत्र लिहायला बसले आहे. पण आधी जरा मागून येते. बिघाड हातात सापडला तरी सेट पहिल्यापासून तपासत यायचा, ही तुमचीच शिस्त.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नववीत गोवराच्या तापात डोळे गेले, मधली दोन वर्षं अंधशाळेत ब्रेल शिकले, आणि मग बोदवडजवळच्या आमच्या गावात काही न करता बसून होते. घरात केळी होती, कापूस होता, कामाला तोटा नव्हता. पण मी उठले की कोणीतरी म्हणायचं, बस तू, लागेल कुठे. शेवटी नाना, म्हणजे माझे वडील, मला जळगावला मावशीकडे ठेवायला आले. येताना घरचा बंद पडलेला रेडिओ पिशवीत घालून आणला होता, आणि मावशीच्या गल्लीतच तुमचं दुकान. तुम्ही सेट टेबलावर ठेवलात. मी आवाजाच्या रोखाने हात पुढे केला तशी नानांनी मनगट धरलं, "हात नको लावू, पाटी लावलेली आहे." मला कुठली पाटी दिसायला! हात लावू नये अशी पाटी तुम्हीच लिहून टांगली होती, हे मागाहून कळलं. तुम्ही म्हणालात, "हात लाव. लावाशिवाय कसं समजी?" ही तुमची पारोळ्याकडची बोली, आमच्या बोदवडकडच्या बोलीहून निराळी, पण एवढं समजायला काही अडचण नव्हती. मी हात लावला. तुम्ही सेट सुरू केलात आणि मी म्हणाले, कर्ण्यातून खरखर येतेय, बटण फिरवलं की वाढते. व्हॉल्यूमचं बटण घाण झालं होतं, एवढंच. त्यात हुशारी काही नव्हती, पण चार वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं, आणि तुम्ही नानांना सोडून मला विचारलंत, "आनखी काय आयकू येस?" दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात यायला लागले.

आठवडाभराने तुम्ही एक छोटा सेट माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, हा तुझा. मी बटण फिरवायची, स्टेशन लागायचं, पण कुठलं लागलं ते निवेदक बोलेपर्यंत कळायचं नाही, आणि हवं ते लावायचं तर कोणाला तरी काटा वाचायला बोलवावं लागायचं. त्याचा मला मनापासून राग यायचा. गाणी ऐकायलासुद्धा दुसऱ्याचे डोळे लागावेत! मी तसं म्हणालेही असेन, कारण तुम्ही त्याच दुपारी डायलची काच काढून टाकलीत. समोरचा शिंपी म्हणाला, धूळ बसेल. तुम्ही म्हणालात, बसू दे, धूळ पुसता येते. आता काटा माझ्या बोटाला लागत होता, पण त्याखालचे आकडे रंगवलेले, ते बोटाला काय कळणार. मग तुम्ही मागच्या घरातून, तुमच्या मंडळींच्या, म्हणजे अक्कांच्या स्वयंपाकघरातून पाच धान्यं आणलीत. जळगावला ज्वारीचा दाणा, इंदूरला तुरीची डाळ, मुंबईला हरभऱ्याची डाळ, दिल्लीला उडीद आणि सिलोनला मोहरी. चिकटवायला डिंक, तोही अक्कांच्याच डब्यातला. त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने सिलोन लावलं आणि दुकानात एकटीच हसत बसले.

चौथ्या दिवशी सकाळी जळगाव नाही. बोट फिरवते, फिरवते, ज्वारी नाही. तुम्ही वाकून पाहिलंत आणि आत हाक मारलीत, "आयकस का वं, उंदीरनी जयगाव खाई टाकं!" अक्का हातातली पोळी टाकून बाहेर आल्या. डिंक खाण्याचा आणि दाणाही खाण्याचा, उंदराने दोन्ही साफ केलं होतं. अक्का म्हणाल्या, "बरं झायं, इंदूर ते वाचनं." अख्ख्या गल्लीत ती गोष्ट पसरली. पुढे महिनाभर येणारा-जाणारा विचारायचा, काय आबा, आज कुठलं शहर गेलं? तुम्हीही हसलात, पण दुकानातलं उरलेलं धान्य त्याच दिवशी परत डब्यात गेलं आणि त्याच्या जागी सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे थेंब द्यायचं ठरलं.

थेंब देताना आपलं भांडण झालं ते आठवतं का? तुम्ही डोळ्यांनी बघून जागा ठरवत होतात, आणि मी म्हणत होते की थेंब चुकीच्या जागी आहे. तुम्ही म्हणत होतात, काटा बरोब्बर वर आहे, मी बघतोय ना! मी म्हणाले, "आबा, तुमी पाहून राह्यले, मले बोट लावाचं हाय." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि तुम्ही माझ्या जागेवर बसलात. डोळे मिटून बटण फिरवलंत, डोळे मिटून काटा चाचपलात, आणि तेव्हा तुमच्या लक्षात आलं की बोटाला जाडी असते. काट्यावर बोट टेकेपर्यंत ते थेंबाच्या पुढे गेलेलं असतं. त्यानंतर दोन दिवस तुम्ही त्या सेटपुढे डोळे मिटूनच बसत होतात. जागा सापडली की नखाने ओरखडा काढायचा आणि मगच डोळे उघडून थेंब द्यायचा. गिऱ्हाईकं दारातून विचारायची, "आबा, दुकानमा झोपी ग्यात का?" तुम्ही म्हणायचात, "झोपनू नई. शिकी ऱ्हायनू."

तुम्ही मला एकदाच रागावलात. दुकानात येऊन वर्ष झालं होतं, मी सोल्डरिंग करायला लागले होते आणि स्वतःवर फार खूश होते. एका मास्तरांचा सेट होता. मी घाईत बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या, सुरू केला आणि जळका वास आला. मास्तर समोरच उभे. मी पटकन म्हणाले, मला दिसत नाही ना, म्हणून झालं. मास्तर लगेच विरघळले, असू दे बाई, असू दे म्हणाले. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "घाईमुये जयनं ते. डोयासवर काब्र लोटस?" डोळ्यांवर का लोटतेस, एवढंच; आवाज चढवला नव्हतात. तारांना मी स्वतः गाठ मारून खूण केली होती, लालला एक, काळीला दोन; बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. मला इतकी लाज वाटली की जेवायला मावशीकडे गेलेच नाही. अक्कांनी आतून भिंतीवर दोन संथ ठोके दिले. तुम्ही मला त्या दिवसांत मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची लिपी, शिकवत होतात, ते ऐकून ऐकून अक्कांना एवढं एकच अक्षर आलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांनी परस्पर ठरवला होता, चहा. तुम्ही कप माझ्या हातात दिलात आणि मास्तरांचा सेट पुन्हा माझ्यापुढे सरकवलात.

मोर्स कशासाठी, तर परवान्यासाठी. तुमच्याकडे जुना मोठा सेट होता, त्यावर सकाळी हौशी रेडिओवाले एकमेकांशी बोलताना ऐकू यायचे. साध्या रेडिओवर ती माणसं बदकासारखी बोलतात. तुम्ही त्या सेटला एक जोडकाम केलं होतं, त्याचं बटण हळूच फिरवलं की बदकाचा माणूस व्हायचा. कोणी भोपाळहून हवापाणी सांगतोय, कोणी मद्रासहून तब्येत विचारतोय. मला ते फार आवडायचं, कारण तिथे सगळेच न बघता बोलत होते. तुम्ही म्हणालात, तूही बोल. त्याला परवाना लागतो, त्याची सरकारी परीक्षा असते. ती तुम्ही स्वतः कधी दिली नाहीत, इंग्रजीला घाबरलात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. माझ्यासाठी मात्र शिंप्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून पुस्तक वाचून घेतलंत, मी ते ब्रेलमध्ये टोचून काढलं, आणि वर्षभर आपण त्या एका गोष्टीमागे होतो. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. तो परवाना मिळाला की कोणी मला 'बस तू' म्हणणार नाही, असं मला वाटायचं.

परीक्षा नागपूरला होती. नाना सोबत आले. त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर बसवून शिपायाने मला आत व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं. आजूबाजूला मुलं इंग्रजीत प्रश्न सोडवत होती, हसत होती. कोणीतरी म्हणालं, बाईंना नीट बसू द्या रे, कोणाबरोबर तरी आल्या आहेत. मी म्हणायला हवं होतं, मी परीक्षेला आले आहे. मग दार उघडलं आणि नावं पुकारायला लागले. माझं नाव आलं. पुन्हा आलं. आबा, माझी जीभ हलली नाही. मोर्स पाठ होतं, सर्किटं पाठ होती, आणि मी कोणाची तरी सोबतीण होऊन त्या बाकावर बसून राहिले. दार बंद झालं. बाहेर येऊन नानांना सांगितलं की आंधळ्यांना बसू देत नाहीत, परत पाठवलं. तेच तुम्हाला सांगितलं. नानांनी गाडीत माझा हात हातात धरून ठेवला होता, सबंध वाट. त्यांनाही मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

तुम्ही खवळलात. "परवाना कानस्ना शे, डोयास्ना नई. तेस्ले लिखस मी." मी हातापाया पडले, नका लिहू म्हणाले, तुम्ही ऐकलं नाहीत. महिनाभर पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी हातातलं काम सोडून दाराकडे कान लावायची. शेवटी न राहवून विचारलं, "आबा, उत्तर आलं का?" तुम्ही कामातून वर न बघता म्हणालात, "नई उनं." मला सुटल्यासारखं झालं. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. मला वाटलं, विसरलात.

पुढे चार महिन्यांनी मला इथे धुळ्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझा सेट उघडून बसला होतात. सोल्डरचा वास आला. मग माझं बोट धरून शॉर्टवेव्हच्या ओळीवर नेलंत, पार एका कडेला, जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही, नुसती बदकं बोलतात. तिथे सहावा थेंब होता. "हाई तुनी जागा. तू आठे बोलशी, मी आयकसू." मी मनात म्हटलं, या भाबड्या माणसाला अजून वाटतंय की सरकार बदलेल आणि मला आत घेईल. झाकण लावताना तुम्ही म्हणालात, "मांगे नकाशा ठेयेल शे. कधी आडनं ते कोनाकडथीन वाची लेजो." सर्किटच्या आकृतीला तुम्ही नेहमी नकाशाच म्हणत होतात. प्रत्येक सेटच्या पाठीत तो चिकटवलेला असतो. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही, आणि तुम्ही सेट असा बांधून दिला होता की तो कधी अडलाच नाही.

तुम्ही गेलात त्याचा फोन माझ्याच बोर्डावर आला. सकाळची वेळ. मी सवयीने ऑफिसचं नाव घेतलं आणि पलीकडून अक्का म्हणाल्या, "पोरी, आबा ग्यात." दिवसांना मी जळगावला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं, "रोज सकायले तो मोठा सेट लाईसन बसेत. एखादी बाई बोलनी का मले बलावेत." मी अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझी पाठ थोपटत होत्या, आणि मी का रडतेय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून सहाव्या थेंबावर माझं बोट गेलं की मी ते उचलून पुढे नेते.

आता इथवरचं सांगते. मी निवृत्त झाले. हल्ली रेडिओ कॉम्प्युटरच्या आत असतो. बोटाएवढी एक डबी लावायची, तिला गच्चीवरची तार जोडायची, संपलं. ना काटा, ना दोरी. सगळा बँड म्हणे पडद्यावर रंगीत दिसतो, जिथे कोणी बोलतंय तिथे उजळ रेघ उमटते, डोळसांनी त्या रेघेला टिचकी मारायची. माझा कॉम्प्युटर मला पडदा वाचून दाखवतो. या प्रोग्रॅममध्ये शिरले की तो नुसता म्हणायचा, बटण, बटण, बटण, चित्र. कुठलं बटण, कसलं चित्र, देव जाणे. पुन्हा काच, आबा, आणि ही काढायला स्क्रूही नाहीत. मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गृहस्थांना पत्र टाकलं. दूरदेशीचा भला माणूस. त्याने महिनाभर खपून सगळंच बोलकं केलं. आता आकडे इतके बोलायला लागले की त्यांच्या आवाजात रेडिओ ऐकू येईना! मी त्याला लिहिलं, एक दिवस पडदा बंद करून तुमचा रेडिओ लावून बघा. आमच्याकडे एका मेकॅनिकने असं केलं होतं. तुमची ज्वारी, उंदीर, सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं की दिवसभर बसलो आणि एकही स्टेशन लागलं नाही, लाज वाटली. नव्या प्रोग्रॅममध्ये त्याने खुणा दिल्या आहेत. बाण दाबत जायचं, खुणेवरून गेलं की नुसतं 'टक्'. बोलणं नाही, काही नाही. त्याने त्या खुणांना नाव दिलंय दाणे. मी पाच दाणे टाकले. सहावा टाकला नाही.

आणि मग परवा दोरी तुटली. कागद हाताला लागला तेव्हा वाटलं, नकाशा आहे, बघू दोरी कशी फिरते ते. हल्ली फोन कागद वाचून दाखवतो. धरला कागदावर. फोनने नागपूरच्या ऑफिसचा पत्ता वाचला, तारीख वाचली, तुमचं नाव वाचलं. परीक्षेनंतर सोळा दिवसांची तारीख. त्यांनी लिहिलं होतं की दृष्टिहीन उमेदवारांना लेखनिक घेऊन बसता येतं. आपण म्हणता त्या उमेदवार त्या दिवशी हजर नव्हत्या, नाव दोनदा पुकारलं होतं. पुढच्या परीक्षेला त्यांनी अवश्य यावं. फोन थांबला. मी पुन्हा वाचायला लावलं. सहा वेळा तरी लावलं असेल.

म्हणजे मी उत्तर आलं का विचारलं, तेव्हा ते तुमच्याकडे होतं. सहावा थेंब दिलात तेव्हाही होतं. मी आत गेलेच नव्हते हे ठाऊक असताना तुम्ही रोज सकाळी मोठा सेट लावून बसत होतात, दहा वर्षं. मी तुम्हाला भाबडं म्हटलं. त्यावेळी चिडून दोन शब्द बोलला असतात तर मी रडले असते, कबूल झाले असते, पुढच्या खेपेला गेले असते. का नाही बोललात? आज दोन दिवस मी तुमच्यावर रागावून बसले आहे. मग तुमचं ते एकदाचं रागावणं आठवतं. डोळ्यांवर लोटू नको, हे तुम्ही एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगणं तुमच्या स्वभावात नव्हतं. चुकलेला सेट तुम्ही फक्त पुन्हा पुढ्यात सरकवायचात.

काल कॉम्प्युटरवर सहावा दाणा टाकला. तिथे अजून माणसं बोलतात, आणि बदकाचं बटणही आता लागत नाही. परीक्षेचा फॉर्मही भरला आहे, लेखनिकासह, घरात कोणाला न सांगता. हे पत्र ब्रेलमध्ये टोचते आहे; ती तुम्हाला येत नव्हती, आणि आता पाठवायचं तरी कुठे. घडी करून सेटच्या पाठीत ठेवीन, तुमच्या नकाशाशेजारी. या वेळी आत जाणारच, असं शेवटी लिहायचं मनात होतं. पण तुमच्याशी एकदा खोटं बोलले आहे, आबा. बाकापर्यंत जाईन एवढं नक्की. नाव पुकारल्यावर काय होतं, ते मला अजून माहीत नाही.